काळा कंपोस्ट डबा, २२० लिटर : दिवाळीला घेतला, शिवरात्रीला उघडला

पाचपैकी अडीच स्टार. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं रामायण वाचायचं नाही ते इथूनच वळतील. डब्याला अडीच, त्याच्याबरोबर गळ्यात मारलेल्या कल्चर पावडरीला (कचरा कुजवणारे जंतू असतात म्हणे तिच्यात) एक, दुकानदाराच्या गोड बोलण्याला चार, आणि गवंड्याकडून मागून आणलेली वाळूची चाळण (अजून परत केली नाही, चांगलंच लक्षात आहे माझ्या) तिला पैकीच्या पैकी.

डबा कसला म्हणाल तर काळा, जाड प्लास्टिकचा, खाली रुंद वर निमुळता, माझ्या कमरेच्या वर येतो. बाजूला हवेसाठी भेगा, तळच नाही म्हणजे सरळ मातीवर ठेवायचा, वर फिरवून बसवायचं झाकण, आणि खाली एक सरकतं दार, तयार खत इथून काढा म्हणून. असले डबे आता सगळीकडं एकाच साच्यातले मिळतात, फक्त स्टिकर वेगळा, आणि आमच्यावरचा स्टिकर तर संक्रांतीपर्यंत उन्हानं उडाला पण. त्यामुळं कंपनी विचारू नका, दुकान तर मी सांगणारच नाही, त्या माणसाशी अजून मला दाताळं आणि पाइप घ्यायचे संबंध ठेवायचेत. ३,६०० सांगितले, ३,३५० ला दिला, वर पावडरीची दोन पाकिटं ३४० ला एक अशी. तेव्हा ती फुकट असतील असं मला वाटलेलं, बिल घरी येऊन बघितलं.

"अक्का, नुस्तं टाकत जावा. चार महिन्यात चहापत्तीगत खत. काय बघायला नको, काय हात लावायला नको."

ह्या "हात लावायला नको" वरच मी भुलले, खरं सांगते. आमचं घर बेळगावात अनगोळला, मागं परडं आहे बऱ्यापैकी, एक नारळ, एक हापूस (आंबे दोन वर्षाआड), मोगरा, कढीपत्ता, कोपऱ्यात अळू. ओला कचरा रोज सकाळी गाडीत द्यायचा आणि तो तुरमुरीच्या कचरा डेपोला जाणार, आणि इकडं मी कुंडीत टाकायला खताची पोती विकत आणणार, हा येडेपणा कधीतरी थांबवू असं दर वर्षी ठरवायचं. यंदा डबा आणला.

डब्याबरोबर एक रंगीत इंग्रजी कागद आला होता. त्यात एक गोरी बाई हातमोजे घालून हसत हसत केळीची साल टाकतेय. लिहिलेलं काय तर शरद ऋतूतली गळलेली पानं पोत्यात साठवून ठेवा, हिवाळ्यात डबा बर्फापासून झाका, बर्फ वितळला की ढीग पलटा. आमच्या अनगोळात बर्फ असतो तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. पोरगा तर लोळून हसला. पण त्या कागदात एक गोम आहे आणि ती मला फार उशिरा कळली. त्यांच्याकडं पानं गळतात थंडीच्या आधी, आपल्याकडं गळतात थंडी संपता संपता, माघ-फाल्गुनात. म्हणजे दिवाळीला डबा सुरू केला की पुढचे तीन महिने तुमच्याकडं भाजीची देठं, साली, शिळा भात, चहाचा चोथा हे सगळं ओलं बुट्टी बुट्टी, आणि वर घालायला सुकं काही म्हणता काही नाही. परसात चार वाळकी पानं असली तर असली. खत व्हायला ओलं-सुकं दोन्ही लागतं, पुस्तकी हिशोबात कार्बन (तो सुक्यात जास्त) २५ ते ३० भाग आणि नायट्रोजन (तो ओल्यात जास्त) एक भाग, आणि नुसता स्वयंपाकघरातला कचरा त्या मानानं फार "ओला" पडतो, पंधरा-वीसच्या आसपास. हे दुकानदारानं सांगायला हवं होतं की नको? पावडर मात्र आठवणीनं दिली.

तर नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी मी श्रद्धेनं टाकत गेले. रोजचा कचरा, वर चमचाभर पावडर, झाकण बंद, हात नाही लावला. बेळगावची थंडी म्हणजे काय काश्मीर नाही हो, पण आपण समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, पहाटे १३-१४ पर्यंत उतरतं आणि दुपारी तेच २९-३०, आणि वारा कोरडा, अंगाची कातडी उलते तसला. मी ते लांब दांड्याचं थर्मामीटर ऑनलाइन मागवलेलं (७५० रुपये, त्याच्याबद्दल पुढं), ते जानेवारीत डब्याच्या पोटात खुपसून बघितलं तर २२. म्हणजे डब्यात शिजायचं सोडून नुसतं बसलंय सगळं. कचरा कुजवणारे जीवजंतू गारव्यात मंदावतात, ढोबळमानानं दहा अंश वाढले की त्यांचं काम दुप्पट होतं आणि घटले की निम्मं, आणि २२० लिटर म्हणजे ढीगच एवढासा की स्वतःची ऊब स्वतःला पुरत नाही. आतली उष्णता टिकायला निदान तीन फूट बाय तीन फूट बाय तीन फूट लागतं म्हणतात, त्याचे होतात साधारण ७६५ लिटर. माझा डबा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाही. ही गोष्ट डब्यावर कुठं लिहिलेली नाही, लिहिली असती तर विकला गेला नसता.

शिवरात्रीचा उपवास सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दार उघडायला बसले. दार सरकेना. आतून मालाचा दाब, खोबणीत चिखल. शेवटी पहार घालून उपटलं तर खोबणीचा कोपराच तडकला (एक स्टार इथं गेला), आणि आतून काळं पाणी पायावर. वास म्हणजे काय सांगू, कुजकी अंडी. शेजारच्या वैनींनी खिडकी लावून घेतली, ती आवाज करून लावली, म्हणजे मला कळावं म्हणून. मग वरनं झाकण काढलं तर तिथं वेगळाच मामला, वरचा हातभर थर पार वाळून कडकडीत, संत्र्याच्या साली खुळखुळ्यासारख्या वाजूलाल्या, मुंग्यांची वसाहत झालेली. खाली चिखल, वर वाळवण. एकाच डब्यात दोन्ही नापास.

आमच्या आत्ती (सासूबाई, माहेर येळ्ळूरचं, जन्म भातशेतीत गेलेला) पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "खत करूलालीस की पापड वाळवूलालीस?"

मी म्हटलं, "दुकानदार म्हणाला हात लावायला नको."

"हात न लावता खत होत असतं तर गड्याला पगार कशाला दिला असता आम्ही. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलं, वास मारूलालाय म्हणजे खाली हवा नाही. उचल तो डबा."

आणि इथं डब्याचा खरा गुण कळला, जो त्या कागदात नव्हता. तळ नाही आणि आकार निमुळता, त्यामुळं दोन्ही बाजूनं धरून उचलला की केकसारखा सगळा ढीग जागेवर उभा राहतो आणि डबा मोकळा हातात. तो बाजूला ठेवायचा आणि दाताळ्यानं ओढत परत भरायचा, वरचं सुकं खाली, खालचं ओलं वर. पलटणं म्हणजे हेच. खालचं दार उघडून खत काढण्याचा उद्योग कुणी करूच नये, ते दार दाखवायचे दात आहेत. माझे अडीच स्टार ह्या उचलण्यावरच मिळालेत.

पण नुसतं पलटून भागणार नव्हतं कारण सुकं कुठून आणायचं. आणि नेमकं त्याच आठवड्यात सगळीकडं सुकंच सुकं सुरू झालं की. कॅम्पात रस्त्याकडेला पानांचे ढीग पडायला लागले, लोक सकाळी झाडून पेटवतात, त्याच्याआधी जाऊन स्कूटरवर पोती भरून आणली. झाडणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी संशयानं बघितलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच भरून ठेवलेलं. उन्हाळा लागला म्हणून कोपऱ्यावर रसवंती लागली, त्याच्याकडं उसाची चिपाडं ढिगानं, उलट घेऊन जावा म्हणतो. चिपाडात थोडी साखर राहिलेली असते म्हणून ढीग लवकर तापतो, फक्त बोटभर तुकडे करून घाला नाहीतर सहा महिन्यांनी जशीच्या तशी सापडतात. येळ्ळूरहून आत्तींच्या भाच्यानं भाताचं पिंजर (पेंढा) आणून टाकलं. शेण गवळ्याकडून चार बुट्ट्या. आंब्याची पानं मी थोडीच घातली, ती मेणचट असतात, लवकर कुजत नाहीत, आणि निलगिरीची तर अजिबात नाही.

एवढा माल झाल्यावर डब्यात मावेना. मग मी वेल्डमेशची जाळी आणली बारा फूट, गोल केली, तारेनं बांधली, झाली साडेतीन फुटांची गोल टोपली, तीन फूट उंच. ५४० रुपये. हिशोब करा, ८०० लिटरच्या वर माल बसतो तिच्यात. म्हणजे डब्याच्या सहाव्या हिश्श्याच्या पैशात जवळजवळ चौपट जागा. कोंबडीची पातळ जाळी घेऊ नका, माल भरला की पोट सुटतं तिला. खाली आधी तुरीच्या काड्या अंथरल्या हवेसाठी, मग एक थर पानं-पिंजर, एक थर डब्यातला तो वासाचा चिखल, वर शेणाचा काला, मुठभर परसातली माती, असं करत वरपर्यंत. पाणी तांदूळ धुतलेलं आणि भांडी विसळलेलं (साबणाच्या आधीचं). ओल किती तर मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटांतून एखादाच थेंब यावा, धार लागली तर जास्त, गोळा फुटला तर कमी. ह्याला कुठलं मीटर लागत नाही.

उरलेला तोच माल मी मुद्दाम डब्यात भरला, शेजारी शेजारी, म्हटलं बघूया तरी. जाळीतला ढीग तिसऱ्या दिवशी ५२, पाचव्या दिवशी ६१. सकाळी वर हात धरला तर वाफ. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून थर्मामीटर दाखवलं, नवरा म्हणाला बरं आहे, ताप आलाय त्याला, आणि परत पेपर वाचायला गेला. सातव्या दिवशी ६६ झालं तेव्हा पलटला, कारण ६५ च्या वर गेलं की कामाचे जंतूच मरायला लागतात. ५५ च्या वर निदान तीन दिवस राहिलं की तणाचं बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात, म्हणून ती उष्णता हवी. डब्यात त्याच काळात, तोच माल, तेच शेण, जास्तीत जास्त किती गेलं असेल? ४१. आणि दोन दिवसांत परत ३४. एवढ्यावर मी केस बंद केली.

थर्मामीटरला चार स्टार, वस्तू चांगली, काटा नीट चालतो, दांडी वीस इंची. पण गरज आहे का तर नाही. आत्तींनी पहिल्याच दिवशी लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवली, पाच-दहा मिनिटांनी उपसून हातात धरायची. धरवत नाही म्हणजे उत्तम, कोमट म्हणजे पलटायची वेळ, गार आणि कोरडी म्हणजे पाणी घाल, गार आणि चिकट म्हणजे हवा दे. सळईला फुकट पाच स्टार. माझे ७५० गेले ते गेले, पण आकडे लिहून ठेवायची मला हौस आहे.

मध्ये एक आगाऊपणा माझ्याकडून झाला तो पण लिहिते. होळीची राख गल्लीत ढीगभर पडलेली, मी म्हटलं राख चांगली असते झाडांना, आणली बुट्टीभर आणि दिली ढिगावर. संध्याकाळपर्यंत डोळ्यात पाणी येईल असला झणझणीत वास, जुन्या मुतारीसारखा. राख असते अल्कली, ती ताज्या शेणाला लागली की त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत जातो, म्हणजे जे खत करायला बसलो तेच उडवून लावलं. अंडी कुजल्याचा वास म्हणजे हवा कमी आणि हा झणझणीत वास म्हणजे नायट्रोजन उडतोय, हे दोन वास आता मी झोपेत पण ओळखीन. वर सुकी पानं घालून पलटला तेव्हा चार दिवसांनी उतरला. शेजारच्या वैनींची खिडकी तेव्हा पण लागली, पण ह्यावेळी आवाज न करता.

आता पावडर. पाकिटावर लिहिलंय "कोटी कोटी सूक्ष्मजीव". असतील. पण जाळीतला ढीग मी दुसऱ्यांदा पलटताना दोन भाग केले, एकात पावडर, एकात शेणाचा काला आणि जुन्या ढिगातलं ओंजळभर काळं. तिसऱ्या दिवशी ५७ आणि ५८. पावडरवाला ५७. शेणात, मातीत, पानावर सगळीकडं हे जंतू असतातच, त्यांना खायला, पाणी आणि हवा दिली की बस्स होतं. आणि कल्चरच हवं असेल तर गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक शेती केंद्रानं २०१५ मध्ये वेस्ट डिकंपोझरची बाटली काढली, तेव्हा २० रुपयांची, ती २०० लिटर पाण्यात दोन किलो गूळ घालून वाढवायची आणि त्यातलंच पुढच्या पिंपाला विरजण लावायचं, दह्यासारखं. आपल्याकडं गुळाला काय तोटा. ३४० रुपयात किती पिंपं झाली असती बघा. म्हणून पावडरीला एक स्टार, तो पण पाकीट परत बंद करायची चेन चांगली आहे म्हणून.

वाचता वाचता मी थोडी ह्या विषयात वाहवत पण गेले. अल्बर्ट हॉवर्ड म्हणून इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरच्या संस्थेत होते, त्यांनी थर लावून पलटायची जी पद्धत बसवली तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात, आणि ती बांधताना त्यांनी इथल्या शेतकऱ्यांचं पण बघितलेलं. आत्तींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मग आमच्या बाबांनी काय वेगळं केलं, त्यांना कुणी पुस्तकात घातलं नाही एवढंच." आणि दुसरे आपले यवतमाळ जिल्ह्यातले पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, नाडेप काका, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप टाकं. विटांचं, भिंतीत मुद्दाम भोकं ठेवलेलं, १० बाय ६ बाय ३ फूट. १८० घनफूट, म्हणजे माझ्यासारखे तेवीस डबे! आणि ते एकदा भरून लिंपलं की पलटायचं नाही, साधारण तीन-चार महिन्यात खत. म्हणजे "हात लावायला नको" हे खोटं नाहीच, फक्त त्याला टाकं एवढं लागतं, कमरेएवढा डबा नाही. शेतात जागा असेल त्यांनी खानापूरच्या विटा आणून टाकंच बांधावं, डब्याच्या नादाला लागू नये.

आणखी दोन तक्रारी डब्याबद्दल. एक, तळ उघडा असल्यामुळं घूस. जानेवारीत तिनं कंपाउंडाखालून बोगदा काढून थेट डब्यात एंट्री मारली, गार पडलेला डबा आणि आत शिळा भात, तिला हॉटेलच मिळालं. हे विकणाऱ्यानं खाली घालायला जाळीची चकती द्यायला काय हरकत होती? मी वेल्डमेशचा उरलेला तुकडा घातला तेव्हा थांबली. शिजवलेलं अन्न आता मी डब्यात फार घालत नाही, घातलं तर मधोमध पुरते. दोन, झाकण. ते फिरवून बसतं असं म्हणतात पण नीट बसत नाही, दोन खाचा आहेत आणि दोन्ही ढिल्या. एप्रिलमधल्या पहिल्या वळवाला झाकण उडून समोरच्यांच्या टाकीवर. आणि डबा तासाभरात पाण्यानं भरला, परत पहिले पाढे पंचावन्न. आता वर दगड ठेवते.

ढीग पलटताना पांढऱ्या जाड अळ्या सापडतील, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या. छोट्या चपट्या करड्या अळ्या असल्या तर सोडा, त्या कचरा खातात, माशीच्या असतात पण घरात त्रास देणारी ती माशी नव्हे. पण ह्या अंगठ्याएवढ्या जाड अळ्या गेंड्या भुंग्याच्या असू शकतात, तो नारळाच्या शेंड्याला भोक पाडतो, आणि त्याची पिल्लावळ कंपोस्टात आणि शेणातच वाढते. परड्यात नारळ असेल तर वेचाच. मी दर पलटणीला वेचून भिंतीवर ठेवते, कावळे आता दाताळ्याचा आवाज आला की येऊन बसतात. हुमणी पण अशीच दिसते, उसवाल्यांना सांगायला नको. आणि हात घालण्याआधी काठीनं ढवळून बघा, उबदार ढिगाखाली काय वेटोळं करून बसलेलं असेल सांगता येत नाही, आमच्यात एकदा धामण निघाली, बिचारी घुशीसाठी आली असणार.

चार वेळा पलटून ढीग पाडव्यानंतर तापायचा थांबला, मग महिना-सव्वा महिना तसाच पोत्यानं झाकून मुरत ठेवला. हे मुरणं लोक टाळतात आणि मग कच्चं खत घालून रोपं पिवळी पडली म्हणून रडतात. झालं की नाही बघायला मी कुंडीत अर्धं खत अर्धी माती घालून मेथी पेरली, पाचव्या दिवशी भराभर उगवली, वरून ती परतून भाकरीबरोबर खाल्ली पण. मग गवंड्याच्या चाळणीवर घालून चाळलं. सात बुट्ट्या बारीक, काळं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास, चहापत्तीगत म्हणाला होता ना तो, खरंच चहापत्तीगत. फक्त चार महिन्यात नाही, आणि त्याच्या डब्यात नाही. दोन बुट्ट्या जाडंभरडं चाळणीवर राहिलं ते परत डब्याच्या तळाला गेलं, विरजण म्हणून.

आत्तींना म्हटलं, बघा, झालं की नाही. तर म्हणाल्या, "उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, तुझी सहा महिन्यात फिटली, नशीबवान आहेस."

आता डबा घ्यावा का म्हणाल तर, परडं असेल आणि शेजारी जाळीचा ढीग करायची तयारी असेल तर रोजचा कचरा साठवायला डबा ठीक आहे. थंडीत त्यात नुसतं साठवायचं, थर लावत, खत होईल ही अपेक्षाच नाही ठेवायची, आणि शिवरात्रीनंतर पानं पडायला लागली की उचलून जाळीत ओतायचा. पावसाळ्यात पण उघड्या ढिगापेक्षा झाकणाचा डबा बरा, झाकण बसलं तर. फ्लॅटवाल्यांनी घेऊ नये, तळ नसलेला डबा बाल्कनीत ठेवला तर खालच्या मजल्यावरचे वर येतील. आणि एकट्या डब्यावर खत करायचं असेल तर २,५०० च्या वर देऊ नका, माझ्यासारखं ३,३५० तर नकोच.

यंदा फाल्गुनातली पानांची नऊ पोती मी जिन्याखाली रचून ठेवलीत, दिवाळीनंतर रोजच्या कचऱ्यावर मूठ मूठ टाकायला. नवऱ्याला आपली मोटारसायकल आता पावसात ठेवावी लागणार, त्याची बोलाचाली चालू आहे. मृगाच्या आत उरलेलं सगळं खत मोगऱ्याला आणि नारळाच्या आळ्यात घालून होईल. पावडरीचं दुसरं पाकीट न फोडलेलं तसंच पडलंय, अनगोळ-टिळकवाडीकडचं कुणाला हवं असेल तर खाली लिहा, फुकट देते, येताना एखादं पोतं शेण आणलं तर बरं.